१६ फुटी दोन बोटी आणि बामणोलीचा दुपारचा वारा: कोणती घ्यावी?

आमच्या दाजींना बोट घ्यायचीय. धंद्याला नाही, घरच्यासाठी. मूळ गाव शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडे कांदाटी खोऱ्यात, राहायला सगळे साताऱ्यात, आणि दाजींच्या आईला, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, गावदेवाला जायची ओढ काही सुटत नाही. त्यांचं लहानपणचं शेत धरणात गेलंय, एप्रिल-मे मध्ये पाणी खाली उतरलं की बांध उघडे पडतात आणि आत्या बोटीतनं हात करून दाखवतात की हे आमचं. तर स्वतःची बोट असावी, रविवारी पोराबाळांना घेऊन जाऊन यावं, एवढाच विचार. मुनावळ्याला २०२४ मध्ये सरकारी जलपर्यटन सुरू झाल्यापासून आपल्याकडं बोटींची चौकशी लय वाढलीय, त्यामुळं आम्ही जे बघितलं ते सविस्तर लिहितोय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

शिवसागरच्याच काठाला बामणोलीत दोन बोटी बघितल्या. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही फायबरच्या, १६ फूट, ४० हॉर्सपॉवरचं मागं लावायचं इंजिन, सहा माणसं, उजव्या बाजूला स्टिअरिंग. कागदावर बघितलं तर जुळ्या बहिणी. एक निळी, एक पांढरी, तेवढंच म्हणू. पांढरी ६० हजारांनी स्वस्त.

खरा फरक दिसतो तो बोट ट्रेलरवर असताना खाली वाकून बघितल्यावर. निळीचा तळ व्ही आकाराचा, पुढं चांगलाच धारदार. पांढरीला मधे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन उंचवटे, तोंड रुंद, जवळजवळ चौकोनी, याला ट्रायहल म्हणतात. तोंड रुंद असल्यानं पांढरीत पुढं जागा भरपूर, पोरं पाय पसरून बसतात. आणि काठाला उभी असताना ती हलतच नाही म्हटलं तरी चालेल. आत्यांचे गुडघे दुखतात, त्या पांढरीच्या कडेवर पाय ठेवून चढल्या तर बोट जरासुद्धा कलली नाही. निळीत चढताना बोट एकदम त्यांच्या बाजूला झुकली, दाजींनी दंड धरला म्हणून बरं. आत्या तिथंच म्हणाल्या, "पांढरीच घ्या रे, ही बरीय."

मीपण तेव्हा पांढरीच्याच बाजूनं होतो. सकाळी दहाला पाणी आरशासारखं, पांढरी सहा माणसं घेऊन पटकन वर उठली आणि पळाली. वर उठणं म्हणजे बोट पाणी ढकलायचं सोडून पाण्याच्या पाठीवर घसरायला लागते ते, तिथनं पुढं खरा वेग मिळतो. निळी चार माणसांत छान उठली पण सहा जणांना तिला फार वेळ लागला, तोंड आभाळाकडं करून नुसतीच रेटत होती, दोघांना पुढं सरकवलं तेव्हा कुठं सपाट झाली.

मग दाजी म्हणाले जेवण करू आणि तीन वाजता परत एकदा नेऊ. हा निर्णय त्यांचा, आणि सगळ्यात शहाणपणाचा तोच निघाला. कोयना महाबळेश्वरहून निघून हेळवाकपर्यंत दक्षिणेला सरळ वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळं शिवसागर लांबच लांब आणि अरुंद झालाय, सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा. वारा त्या खोऱ्याच्या लांबीनं सुटला की त्याला अडवायला काही नाही, लाट वाढतच येते. समुद्रासारखी मोठी नसते पण आखूड असते, एकामागं एक, आणि आखूड लाटच जास्त बडवते.

तीनला पांढरी नेली तर काय सांगू, रुंद तोंड प्रत्येक लाटेवर दाणकन आपटत होतं, पाठीचा मणका न् मणका मोजून घ्या. वेग कमी केला तर आपटणं थांबलं पण मग बोट खाली बसली आणि तोंडावरनं पाणी आत यायला लागलं. निळी त्याच पाण्यात कापत गेली, हिसके बसले, पण सोसण्यासारखे. बाजूनं लाट आली की डुलते मात्र जास्त, नवीन माणूस घाबरेल.

इथं माझं मत फिरलं. आत्यांना चढायला-उतरायला दोन मिनिटं लागतात आणि तेव्हा काठावर धरायला चार हात असतात. पाण्यात आपटणं मात्र अर्धा-पाऊण तास, आणि सत्तरीच्या बाईच्या पाठीला ते कसं सोसेल? चढायची अडचण पायरीनं सुटते, आपटायची कशानंच सुटत नाही. तळ एकदा घेतला की घेतला, इंजिन उद्या बदलता येतं.

इंजिनाचं बघू आता. पांढरीला टू-स्ट्रोक, निळीला फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक हलकं, वीस-पंचवीस किलोंचा फरक पडतो, बनावट सोपी, गावातला हुशार मेकॅनिकसुद्धा खोलून जोडून देतो. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली, विसरलात तर इंजिन जाम. धूर होतो, आवाजात बोलता येत नाही, आणि न जळलेलं ऑइल पाण्यात जातं. हे पाणी खालची गावं पितात, पलीकडं कोयना अभयारण्य आहे, मला स्वतःला ते तवंग बघवत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर ४० चं जुनं टू-स्ट्रोक फुल्ल रेसला तासाला ढोबळमानानं २० लिटर पितं, फोर-स्ट्रोक १५ च्या आसपास. पेट्रोल शंभरच्या वर, तासाला पाचशे रुपये असेच जातात. म्हणजे ते ६० हजार सव्वाशे तासांत वसूल होतात.

निळी सहा माणसांत का उठत नव्हती त्याचं उत्तर टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या काट्यावर होतं. या इंजिनानं फुल्ल रेसला ५००० ते ६००० च्या मधे फिरायला पाहिजे, भरल्या बोटीत ते ४७०० ला अडकत होतं. बोटीला ढकलणारा पंखा १३ पिचचा होता (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशेबानं जेवढे इंच पुढं सरकेल ते), म्हणजे गाडी कायम टॉप गियरमध्ये चढावर घातल्यासारखी. त्यात आपलं धरण भरल्यावर २१६३ फुटांवर, एवढ्या उंचीवर हवा थोडी विरळ, इंजिनाची सहा-सात टक्के ताकद तशीच जाते. पिच एक इंचानं कमी केलं की दीडशे-दोनशे फेरे वाढतात, म्हणजे ११ चा पंखा लावला की काम होणार. वरचा वेग थोडा जाईल, जाऊ दे. आणि पंखा ॲल्युमिनियमचाच घ्या, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली खोडं, दगड, जुन्या भिंती असतात, ॲल्युमिनियमचा पंखा तुटेल पण आतला गियर वाचण्याची शक्यता जास्त. पांढरी या बाबतीत सरस आहे, ती कमी पाण्यात चालते. नुसतं काठाकाठानं मासे धरत फिरायचं, सकाळी जाऊन अकराला परत यायचं असं ज्यांचं असेल त्यांनी माझ्या मते बिनधास्त ट्रायहल घ्यावी.

आता तपासणी, कारण सेकंडहँडमध्ये खरं फसायला होतं ते इथं. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं तिच्या आत बहुतेक लाकूड असतं. एक रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडं वाजवत जायचं. चांगल्या जागी टणटण आवाज येतो. पांढरीच्या फळीवर पाणी काढायच्या भोकाच्या शेजारी वितभर जागेत आवाज एकदम भद्द आला, भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. आत लाकूड कुजलंय. मालक म्हणाले, "काय होत नाय, पाच वर्सं असंच आहे." पण त्याच फळीवर सगळं इंजिन लोंबकळतंय, आणि ती बदलायची म्हणजे मागचा भाग फाडूनच काढावा लागतो.

निळीतही खोट निघाली. खालच्या गियरबॉक्सचा स्क्रू सैल केला तर ऑइल दुधाच्या चहासारखं बाहेर आलं, म्हणजे सील गेलंय आणि पाणी शिरतंय. पण सील बदलता येतं, हवेचा दाब देऊन गळती आहे का ते तिथल्या तिथं बघता येतं. बाकी, इंजिन चालू असताना मागनं पाण्याची बारीक धार पडते ती जोरात पडते का बघा, धार नसेल तर इंजिन लगेच बंद. किनाऱ्यावरनं आलेली बोट असेल तर हे दोनदा बघा, खाऱ्या पाण्यानं आतल्या वाटा बुजलेल्या असतात.

आपल्याकडं जूनपासून पावसात बोट महिनोन्‌महिने उभी असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग टाकीच्या तळाला पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा बसतो. त्यामुळं टाकी रिकामी करूनच बोट झाकायची, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर लावून घ्यायचा.

कागदं टोकन द्यायच्या आधी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, नोंदणी आणि विमा कुणाच्या नावावर आहे ते बघा. धरणात बोट घालायला जलसंपदा खात्याची परवानगी, आणि वासोटा किल्ल्याकडचा भाग अभयारण्यात, २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात, तिकडं वन विभागाची परवानगी. माणशी एक लाइफ जॅकेट, पोरांच्या मापाची वेगळी, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी (माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं), या दोन गोष्टींत दाजींशी मी वाद घालायलासुद्धा तयार नाही.

निळीला टोकन दिलंय. सील मालकानं आपल्यासमोर बदलून द्यायचं, ११ चा पंखा आपण आणायचा, आणि आत्यांसाठी दोन पायऱ्यांची स्टीलची शिडी मेढ्यात करायला टाकलीय. आत्यांना अजून पांढरीच आवडते, पण शिडीचं ऐकून म्हणाल्या, "मग हात धरायला दांडा पण कर म्हणावं." पंखा बसला की सहा माणसं आणि भरली टाकी घेऊन परत दुपारी तीनलाच पाण्यात जायचं, काटा ५००० च्या वर गेला तर उरलेले पैसे द्यायचे.