आतून बसवलेल्या ब्रेसेस : 11 महिन्यांनंतर

खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढलेले आणि वरचा सुळ्याशेजारचा एक पार आत गेलेला, हे माझं लहानपणापासूनचं. शाळेत असताना तारा लावायचं राहूनच गेलं. आता 34 व्या वर्षी रोज पाचवीच्या वर्गासमोर उभं राहून मराठी शिकवायचं म्हणल्यावर समोरून तारा दिसायला नको होत्या, म्हणून कस्टम लिंग्वल घेतल्या. लिंग्वल म्हणजे दाताच्या मागच्या बाजूने चिकटवायच्या.

ह्यात कस्टम म्हणजे काय, तर दात मागून सपाट नसतो, प्रत्येकाचा खोलगटपणा वेगळा, त्यामुळे स्कॅन करून एकेका दाताचा ब्रॅकेट, म्हणजे दाताला चिकटून तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, वेगळा ओततात आणि तारसुद्धा त्याच हिशोबाने रोबोट वाकवून देतो. माझे ब्रॅकेट सोन्याच्या मिश्रधातूचे आहेत. लॅबमधून यायला दोन महिने लागले, बसवायचं मात्र एका बैठकीत झालं कारण ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यात, सगळे ब्रॅकेट आधीच जागच्या जागी लावलेले असतात.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला फार पटलं, की जपानमध्ये किन्या फुजितांनी 1970 च्या आसपास हा विचार केला तो मार्शल आर्टवाल्यांचे ओठ तारेवर आपटून फाटू नयेत म्हणून. ओठ वाचतात हे खरंच, पण सगळं जिभेवर येतं. पहिले दहा दिवस जिभेच्या दोन्ही कडा सोलल्यासारख्या, रात्री झोपताना मेणाची गोळी करून ब्रॅकेटवर दाबायची, सकाळी ती निघालेली असायची. बोलताना त, थ, द, न आणि स सगळे पसरट यायचे, ट आणि ळ ला काही नाही कारण तिथे जीभ दाताला लागतच नाही. सगळ्यात वाईट "चमचा", त्यातले दोन्ही च दाताजवळचे. मी रोज संध्याकाळी सासूबाईंना पेपर मोठ्याने वाचून दाखवायला लागले, त्या म्हणायच्या "सावकाश वाच गं, कळतंय मला". तिसऱ्या आठवड्यात वर्गात कुणी मान वर करून बघेनासं झालं. ज्यांचं काम बोलण्याचं आहे त्यांनी ह्या ब्रेसेस मे महिन्याच्या सुट्टीतच बसवाव्यात, मी जूनमध्ये बसवल्या ते चुकलं.

खाण्याचं म्हणाल तर खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर टेकायचे, दाढा एकमेकींना लागायच्याच नाहीत, महिनाभर वरणभात आणि दुधात कुस्करलेली भाकरी. मेथी आणि कोथिंबीर तारेत अशी अडकते की आरशात दिसतही नाही, छोटा आरसा तोंडात धरून बघावं लागतं. दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश आणि पाण्याच्या धारेने साफ करणारा वॉटर फ्लॉसर, प्रत्येक जेवणानंतर, रोज, सुटका नाही. एकदा चार दिवस कंटाळा केला तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

एक तक्रार आहे, दात कुठेही काढायचे नाहीत म्हणून मी आनंदात होते, पण जागा करायला पुढच्या दातांच्या कडा घासून किंचित बारीक कराव्या लागणार हे मला थेट खुर्चीत बसल्यावर सांगितलं. दुखलं नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आतलंच काम, तरी आधी सांगायला हवं होतं, दात माझा आहे. चिक्की खाताना एक ब्रॅकेट निघाला ती मात्र माझीच चूक.

फरक आधी खाली दिसला. चौथ्या महिन्यात ज्या दोन दातांमध्ये आयुष्यात दोरा गेला नव्हता तिथे फ्लॉस सरकन गेला, मी बाथरूममध्ये तशीच उभी राहिले, परत एकदा घालून बघितला. आत गेलेला वरचा दात आठव्या महिन्यात रांगेत आला.

खर्च साध्या तारांच्या कितीतरी पट आहे, आम्ही हप्त्याने भरतोय, आणि समोरून दिसण्याने फरक पडत नसेल तर साध्याच घ्या, दातांचं काम त्याही करतात. अजून सहाएक महिने आहेत. काढल्यावर खालच्या दातांमागे बारीक रिटेनर तार, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी, चिकटवणार आहेत, ती मी काढू देणार नाही, हे दात इतकी वर्षं एकमेकांवर होते, संधी मिळाली की परत तिकडेच सरकतील.