छोट्या मोटरवर पहारा ठेवणारं मॉड्यूल : आयएनए २१९

संगमनेरजवळ दिरांच्या गावरान कोंबड्यांसाठी मी खाद्य टाकणारं यंत्र केलंय. पिंपातला मक्याचा भरडा एक स्क्रू पुढे ढकलत पन्हाळीत पाडतो आणि तो स्क्रू १२ व्होल्टची लहानशी गिअर मोटर फिरवते. पावसाळ्यात भरडा सर्दावतो, गोळे धरतो आणि मोटर जाम होते. जाम झालेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ, म्हणजे फिरणारी मोटर स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज, तयार होत नाही. मग करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो. करंट उसळतो, वाइंडिंग तापतं, नाहीतर गिअरचे दात जातात.

अशा वेळी करंटवर लक्ष ठेवायला बहुतेक जण एसीएस ७१२ ही करंट मोजणारी चिप सुचवतात. मोठ्या मोटरला ते छानच आहे. पण माझी मोटर चालताना जेमतेम १०० मिलिअँपिअर घेते आणि गोळा अडकायला लागला की आधी १३०-१४० वर जाते. ५ अँपिअरचं एसीएस ७१२ एका अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतं. ते वाचणारा अर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी मोजतो आणि त्याची एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे एका पायरीत २६ मिलिअँपिअर गेले. त्यात चिपचा स्वतःचाच नॉइज २१ मिलिव्होल्टच्या आसपास. मला हवी असलेली वाढ त्यातच बुडून जाते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयएनए २१९ चिपचं करंट मोजणारं मॉड्यूल पुण्यात तपकीर गल्लीत दोनशेच्या आत मिळालं. त्यावर ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर, असतो. ३.२ अँपिअरची रेंज ठेवूनही ते ०.८ मिलिअँपिअरचा फरक दाखवतं. शंभराचे एकशेतीस झालेले स्वच्छ दिसतात! मोटर पुरती थांबण्याआधीच मला कळतं, मी स्क्रू दोन फेरे उलटा फिरवते, गोळा फुटतो आणि काम पुढे चालू. या मॉड्यूलचं खरं मोल मला इथेच वाटतं.

मॉड्यूल बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, मोटर ड्रायव्हरच्या (मोटर सुरू-बंद आणि उलटसुलट करणाऱ्या सर्किटच्या) आधी लावा. ग्राउंड अखंड राहतो आणि मोटर उलटसुलट फिरली तरी रीडिंगची दिशा बदलत नाही. सुरू होतानाही करंट उसळतोच, म्हणून पहिला अर्धा सेकंद हिशेबात धरू नका. मर्यादा एकाच आकड्यावर बांधू नका, चालू सरासरीच्या वर किती गेलं ते बघा. दमट भरड्याला एरवीही जास्त करंट लागतो. बॅटरी उतरली की जाम मोटरचा करंटही कमी होतो, पण हे मॉड्यूल व्होल्टेजही मोजतं, त्यामुळे तो हिशेब त्यातच जमतो.

मोटर पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वेग कमी-जास्त करायला वीज झटपट चालू-बंद करत, चालवत असाल तर रीडिंग उड्या मारतं. चिपमध्येच १२८ नमुन्यांची सरासरी घ्यायची सोय आहे, ती वापरा. एका रीडिंगला ६८ मिलिसेकंद लागतात, स्क्रूसारख्या संथ कामाला ते चालतं.

नावडलेलं एकच, स्क्रू टर्मिनल. माझ्या बोर्डावरचं इतकं हलकं होतं की तार घट्ट बसेना. मी तारा सरळ डाग देऊन जोडल्या.

आणि हे २६ व्होल्टच्या वर चालत नाही, आयसोलेशनही नाही, म्हणजे मोजायची वीज आणि कंट्रोलर यांच्यात विद्युत आडोसा नाही. घरच्या २३० व्होल्टच्या पंपाला हे चुकूनही लावू नका.

दुसऱ्या पन्हाळीसाठी आणखी एक घेतलंय. ए-शून्यचा जंपर डाग देऊन जोडला की त्याचा पत्ता हेक्समध्ये ४० ऐवजी ४१ होतो आणि दोन्ही मॉड्यूल त्याच दोन आय-टू-सी तारांवर अर्डुइनोशी बोलतात.