हँगर खरा, बोल्ट खोटा

बेळगावात चढाई करणारी आम्ही पाच-सहा जणं. दर वेळी बदामी गाठायची म्हणजे दोन दिवस मोडतात, म्हणून खानापूरकडं मित्राच्या काकांच्या शेतालगतच्या कड्यावर दोन रूट (चढायच्या वाटा) बोल्ट करून घ्यायचं, म्हणजे दोर अडकवायला खडकात भोकं पाडून बोल्ट बसवून घ्यायचं ठरलं. ओळखीतून एक माणूस मिळाला. घरी येऊन त्यानं नमुना दाखवला: चकचकीत हँगर (बोल्टावर नटानं आवळायची, दोर अडकवायला भोक असलेली पट्टी), वर ईएन ९५९ (खडकातल्या अँकरचं युरोपीय मानक) आणि २५ किलोन्यूटन असं कोरलेलं. म्हणजे जवळपास अडीच टनांचा भार. तो हँगर आम्ही हातोहात फिरवून बघितला, पण बोल्ट दाखव म्हणून कुणी म्हटलंच नाही.

मजुरीसकट नगाला ९०० रुपये, २० नग, १८ हजार. त्यातले १० हजार आगाऊ. पावतीही मागितली नाही. "आपलीच माणसं," म्हणाला, आणि हा शब्द कानावर पडला की सीमाभागात आम्ही लगेच विरघळतो.

एप्रिलमधे काम झालं. "वरनं दगड सुटतील, खाली कुणी थांबू नका," असं सांगून त्यानं आम्हाला शेतात पिटाळलं. काकूंनी दिलेलं ताक पीत आम्ही आंब्याखाली बसलो, आणि दुपारी दोनपर्यंत वीसच्या वीस बोल्ट ठोकून झाले. एवढ्या लवकर कसे, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. उरलेले ८ हजारही तिथंच दिले.

खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. दसऱ्यानंतर गेलो तर प्रत्येक हँगरखाली चहा सांडल्यासारखा तांबूस ओघळ. खिशातलं लोहचुंबक हँगरला लावलं, धरलं नाही. नटाला लावलं, टच्‌कन चिकटलं. (स्टेनलेसला चुंबक सहसा धरत नाही. ३०४ हा त्यातला प्रकार कधी कधी किंचित ओढतो, पण असा नाही.) पाना लावला तर नटाबरोबर बोल्टही आतल्या आत गरगर फिरायला लागला. ओढून काढला. ८० मिलिमीटर ठरला होता, निघाला ५०. भोकात पिठासारखी धूळ तशीच, ओली होऊन थापलेली. भोक ब्रशनं घासून पंपानं फुंकायचं असतं, ते केलंच नव्हतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या टर्नरमामांना दाखवला. "अरे, हा दुकानाच्या बोर्डाला मारतात तसला. जस्ताचा मुलामा हाय नुसता." वर स्टेनलेसचा हँगर आणि आत साधं लोखंड, पावसात अशी जोडी जमली की लोखंडच आधी खातं. म्हणजे खऱ्या हँगरनंच खोटा बोल्ट लवकर कुजवला. तोवर आमच्यातला एक जण जूनआधी त्याच बोल्टांवर दोनदा पडला होता. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

फोन केला तर म्हणाला, "गंज सगळ्यालाच येतो, सर." नंतर उचललाच नाही.

कुणी असं काम देणार असाल तर बोल्टाची पेटी आपल्यासमोर फोडायला लावा, मोजपट्टीनं लांबी बघा. ड्रिलच्या बिटावर ठरलेल्या खोलीला चिकटपट्टी लावून घ्या आणि पहिलं भोक पडताना दोरावर त्याच्या शेजारी लटका. खाली ताक पीत बसू नका.

आमचे उरलेले १९ काढायचं काम चालू आहे. दोन मोडले, आतच राहिले. हँगर तेवढे पुसून डब्यात ठेवलेत.