घरच्या ईसीयूवर मॅक्स ९९२६ कंडिशनर: आठ महिन्यांनंतर

इंजिनाच्या ईसीयूवर, म्हणजे इंधन आणि स्पार्क सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर, मॅक्स ९९२६ चिपचं मॉड्यूल बसवून आठ महिने झाले. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या, आणि त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या असत्या. म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी गाडीबद्दल थोडं. जुनं चार सिलिंडरचं इंजिन, मूळचं कार्ब्युरेटरवालं. त्यावर थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि स्पीड्युइनो (घरी बांधता येणारा ओपन सोर्स ईसीयू) बसवलाय. क्रँक पुलीवर ३६-१ ची चकती आहे, म्हणजे छत्तीस दात्यांची जागा आणि त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला, क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळावं म्हणून. चकतीसमोर दोन तारांचा व्हीआर (व्हेरिएबल रिलक्टन्स) सेन्सर. हा सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तार, बाकी काही नाही. दात समोरून गेला की त्यात व्होल्टेज उमटतं. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो तापमानाला घाबरत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. अडचण एकच, आणि या आठ महिन्यांतला सगळा ताप तिच्यातूनच निघाला: व्होल्टेज वेगाबरोबर वाढत जातं. माझ्या गाडीत स्टार्टर फिरत असताना जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट मिळायचा, आणि इंजिन जोरात पळालं की तेच कित्येक दहा व्होल्टांवर जायचं. ईसीयूला मात्र हवी शून्य-पाच व्होल्टची स्वच्छ चौकोनी लहर. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे कंडिशनर.

या मॉड्यूलआधी मी दोन उपाय करून पाहिले होते. पहिला साधा कंपॅरेटर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर की खाली एवढंच सांगणारा. पातळी खाली ठेवली की वरच्या वेगात कचरा मोजायचा, वर ठेवली की स्टार्टवर मुका. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही, करू नका. दुसरा एलएम १८१५. ही जुनी चिप आहे, आणि गुणी आहे. सिग्नलच्या शिखराच्या ऐंशी टक्क्यांवर ती सज्ज होते आणि लहर शून्यातून खाली उतरली की ठरलेल्या रुंदीचा एक पल्स देते. शिखर वाढलं की सज्ज होण्याची पातळीही आपोआप वर सरकते. मी परफबोर्डवर बांधली होती, दीडशे किलोओहम आणि एक नॅनोफॅरड लावून, म्हणजे पल्स साधारण १०० मायक्रोसेकंदांचा. ३६ दात्यांच्या चकतीवर ६००० आरपीएमला दोन दात्यांत २७८ मायक्रोसेकंद असतात, त्यामुळे पल्स आरामात बसतो. पण एलएम १८१५ ला सेन्सरची एक तार अर्थला जोडावी लागते, आणि ती मी जोडली होती इंजिन ब्लॉकवर. हे लक्षात असू द्या.

मॅक्स ९९२६ मध्ये दोन चॅनेल असतात. इनपुट डिफरन्शियल आहे, म्हणजे ती चिप सेन्सरच्या दोन तारांमधला फरक मोजते, अर्थशी तिला कर्तव्य नाही. सज्ज होण्याची पातळी शिखराच्या एकतृतीयांशावर असते. ८५ मिलिसेकंद त्या पातळीइतका सिग्नल आला नाही, तर आतला वॉचडॉग ती पातळी थेट तळाला आणून ठेवतो, पुन्हा स्टार्ट करताना बारीक सिग्नल हुकू नये म्हणून. आउटपुट ओपन ड्रेन, म्हणजे चिप तो फक्त खाली ओढते, त्यामुळे वर ओढायला पुल-अप रेझिस्टर लागतो. मॉड्यूलवर तो असतोच. शिवाय प्रत्येक तारेवर दहा किलोओहम आणि दोन्हींच्या मध्ये एक नॅनोफॅरड. सेन्सरने साठ व्होल्ट जरी दिले तरी वीस किलोओहममधून तीन मिलिॲम्पच जातात, चिपला ते काहीच नाही. कागदावर हिशेब चोख होता. मॉड्यूल सॉकेटमध्ये दाबलं, ईसीयूवरचा सेन्सर निवडायचा जंपर व्हीआरवर सरकवला आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. आयडल छान. ३५०० च्या पुढे नेलं की मात्र धाडकन झटका, कधी एक्झॉस्टमधून फटाका, आणि ट्यूनरस्टुडिओमध्ये (ईसीयू ट्यून करायचं सॉफ्टवेअर) सिंक लॉसचा, म्हणजे ईसीयूला क्रँकची जागा हरवल्याचा, आकडा वाढलेला. थंड इंजिन स्टार्ट करताना तर कधी एका झटक्यात, कधी दहा सेकंद नुसतं घरघर.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. नॉइज आहे असं ठरवलं आणि फिल्टर वाढवला. एक नॅनोफॅरडच्या जागी दहा नॅनोफॅरड. स्पीड्युइनोमधला ट्रिगर फिल्टर वीकवरून मीडियमवर, मग ॲग्रेसिव्हवर. हा फिल्टर काय करतो ते माहीत असावं: आधीच्या दोन दात्यांत जितका वेळ गेला त्याच्या २५, ५० किंवा ७५ टक्के वेळ संपेपर्यंत आलेली कुठलीही कड तो सरळ टाकून देतो. ॲग्रेसिव्हवर इंजिन झपाट्याने वेग घेताना खरा दातच टाकला जाण्याची भीती असते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी माझी दोन आठवडे गत.

दहा नॅनोफॅरडचा भुर्दंड टायमिंग लाइटवर दिसला. ॲडव्हान्स (स्पार्क किती अंश आधी द्यायचा ते) दहा अंशांवर फिक्स करून बघितलं तर १००० आरपीएमला लावलेली खूण ५००० ला हलायची, स्पार्क उशिरा. कारण सरळ आहे. वीस किलोओहम आणि दहा नॅनोफॅरड म्हणजे २०० मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. ५००० आरपीएमला ३६ जागांच्या चकतीची वारंवारता ३००० हर्ट्झ होते, आणि तिथे हा फिल्टर लहरीला क्रँकच्या दोन अंशांहून थोडं जास्तच मागे ढकलतो. मूळच्या एक नॅनोफॅरडला हाच उशीर जेमतेम अर्धा-पाऊण अंश येतो, तो सोडून देता येतो. दोन अंश म्हणजे काही जगबुडी नाही, पण ज्या दुखण्यासाठी मी ते औषध घेतलं ते दुखणं तसंच होतं.

खरं कारण ट्यूनरस्टुडिओमधल्या टूथ लॉगरने, म्हणजे दर दोन दात्यांमधला वेळ दांड्यांनी दाखवणाऱ्या आलेखाने दाखवलं, आणि ते त्याने पहिल्या दिवसापासून दाखवलं असतं. मी उघडलाच नव्हता. ३६-१ च्या चकतीत एका फेऱ्यात सारख्या उंचीच्या रांगेत एकच दुप्पट उंच दांडा दिसायला हवा, गाळलेल्या दाताचा. माझ्याकडे दुप्पट दांडा नव्हताच. त्याच्या जागी शेजारीशेजारी दोन दीडपट दांडे.

हे का झालं ते नीट सांगतो, कारण या विषयातला सगळा अर्क इथे आहे. दात सेन्सरजवळ येताना व्होल्टेज एका बाजूला चढतं, दाताचा मध्य समोर आला की झपकन शून्यातून पलीकडे जातं, दात दूर गेला की हळूहळू परत शून्याकडे येतं. म्हणजे प्रत्येक दाताला शून्य दोनदा ओलांडलं जातं. दाताच्या मध्यावर होणारं क्रॉसिंग कड्यासारखं उभं, आणि ते कायम त्याच जागी. दोन दात्यांच्या मधलं क्रॉसिंग रांगेतल्या दात्यांत ठीक दिसतं, पण गाळलेल्या दाताच्या पोकळीत पसरतं, सपाट होतं आणि पोकळीच्या मध्याकडे वाहत जातं. सेन्सरच्या तारा बरोबर लावल्या तर चिप उभं क्रॉसिंग पकडते. उलट लावल्या तर पसरलेलं. माझ्या उलट होत्या. एलएम १८१५ वरून हलवताना कुठली तार प्लस हे मी रंगावरून ठरवलं होतं, आणि आधीच्या मालकाने कधीतरी कनेक्टर बदललेला.

आता त्यात स्पीड्युइनोचा नियम मिसळा. एक दात गाळलेल्या चकतीत, नवं अंतर आधीच्या अंतराच्या दीडपटीहून मोठं असेल तर तो पहिला दात, असं तो धरतो. माझ्याकडे अंतरं यायची एक, एक, दीड, दीड, एक. ऐन उंबरठ्यावर. पहिला दीड उंबरठा ओलांडेल की नाही हे त्या क्षणाच्या नॉइजवर ठरायचं. एक दात इकडेतिकडे म्हणजे टायमिंग दहा अंश इकडेतिकडे, फटाके वाजणारच.

तारा अदलाबदल केल्या, दहा नॅनोफॅरड काढून परत एक लावला. मिनिटभराचं काम. एकच उंच दांडा दिसला आणि ६००० पर्यंत इंजिन गुळगुळीत गेलं. तेव्हाचा आनंद आणि दोन आठवड्यांची लाज, दोन्ही एकदमच.

पोलॅरिटीबरोबरच (तारा सुलट की उलट) ट्रिगर एजही तपासा, म्हणजे ईसीयू लहरीची कुठली कड मोजतो ते. चिपच्या आउटपुटच्या दोन कडांपैकी एकच शून्य क्रॉसिंगची असते. दुसरी सज्ज होण्याच्या पातळीवर पडते आणि सिग्नलच्या ताकदीबरोबर हलते. कुठली कुठली ते डेटाशीटमधल्या आकृतीत बघून सेटिंगमध्ये निवडा, आणि टायमिंग लाइटने दोन वेगांवर खात्री करा. खूण जागची हलली नाही तर बरोबर. मधल्या पायरीवर ईसीयू लहर उलटी करत असेल तर कडही उलटते, हे विसरू नका.

स्टार्टचा घोळ मात्र संपला नव्हता. गरम इंजिन टचकन चालू, थंड असताना नशिबावर. इथे ती ब्लॉकवरची अर्थ तार आठवा. मॅक्स ९९२६ बसवताना मी सेन्सरच्या दोन्ही तारा मॉड्यूलपर्यंत आणल्या होत्या खऱ्या, पण जुनी ब्लॉकवरची जोडणी तोडायची राहूनच गेली. डिफरन्शियल इनपुटचं एक टोक ब्लॉकला बांधलेलं, मग तो डिफरन्शियल कसला? स्टार्टर सहज दीडशे ॲम्पिअर ओढतो. अर्थ पट्ट्यात नुसते दोन मिलिओहम धरले तरी ब्लॉक आणि ईसीयूच्या अर्थमध्ये ०.३ व्होल्टचा फरक पडतो, तोही प्रत्येक कॉम्प्रेशनला हेलकावे खाणारा. अन् सिग्नल किती? अर्धा-पाऊण व्होल्ट. एलएम १८१५ च्या दिवसांतही थंड स्टार्ट रडतच होता, आणि मी तेव्हा चिपलाच नावं ठेवली होती. तिची माफी मागायला हवी.

जोडणी तोडली. त्याचबरोबर सेन्सर आणि चकतीतलं अंतर मोजलं तर १.६ मिलिमीटर. फीलर गेज घालून ०.८ वर आणलं, स्टार्टवरचा सिग्नल दुपटीच्या आसपास गेला. चकती थोडी वाकडी फिरत असेल तर इतकं जवळ नेण्याआधी हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा. दात सेन्सरला घासला तर कुठलाही कंडिशनर कामाचा नाही.

केबलबद्दल थोडक्यात. पीळ दिलेल्या दोन तारा, वर शील्ड, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ. सेन्सरच्या टोकाला ती कापून, स्लीव्ह चढवून सोडून द्यायची. कॉइलच्या आणि प्लगच्या तारांपासून लांब न्यायची, ओलांडावंच लागलं तर काटकोनात. आणि स्पार्क प्लग रेझिस्टरवाले. माझे नव्हते. बदलल्यावर सिग्नलच्या कडा दाखवणाऱ्या कॉम्पोझिट लॉगरमधले उरलेसुरले फालतू काटे गेले.

चिपची खरी म्हणावी अशी तक्रार एकच. किल्ली ऑन केली आणि पंपाचा रिले टकटकला की बंद इंजिनावर एखादा क्षण आरपीएम दिसायचा. सिग्नल नसताना पातळी तळाला असते, म्हणून बारीकसा धक्काही तिला दात वाटतो. स्टार्टवर बारीक सिग्नल ऐकू यावा म्हणूनच ती तशी ठेवलीये, त्यामुळे याला दोष म्हणणं जड जातं. सेन्सरच्या दोन टोकांत दहा किलोओहमचा एक रेझिस्टर टाकला, तेव्हापासून दिसलं नाही. सेन्सरची स्वतःची कॉइल शेकड्यातल्या ओहमची असते, तिला या दहा किलोओहमचा भार जाणवतही नाही.

पाचव्या महिन्यात एकदा गाडी चालता चालता बंद पडली. यावेळी मी शहाणा, आधी लॉगर उघडला. दांडे मध्येच गायब. मॉड्यूल सॉकेटमधून एका बाजूने उचकलं गेलं होतं, दुसरं काही नाही. हादऱ्यात सॉकेटवरची कुठलीही गोष्ट एक दिवस हलणारच. आता एका झिप टायने आवळलंय आणि खाली सिलिकॉनचा ठिपका दिलाय. मॉड्यूल विकणाऱ्यांनी एक स्क्रूचं भोक दिलं असतं तर बरं झालं असतं.

हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखून थेट चौकोनी लहर देणारा) का नाही, असा प्रश्न येईलच. चकती नव्याने बनवत असाल आणि जागा असेल तर खुशाल हॉल घ्या: तीन तारा, एक किलोओहमचा पुल-अप, वेग शून्य असला तरी सिग्नल पुरा, पोलॅरिटीची भानगड नाही. कंडिशनरही लागत नाही. मी व्हीआर ठेवला कारण तो इंजिनवर आधीच होता आणि ब्लॉकमधल्या त्याच्या भोकात दुसरं काही बसत नव्हतं.

सध्याची सेटिंग कुणाला हवी असेल तर: ट्रिगर फिल्टर वीक, एक नॅनोफॅरड, गॅप ०.८ मिलिमीटर, सेन्सरवर दहा किलोओहम. गेले तीन महिने सिंक लॉसचा आकडा शून्य आहे, थंडीतल्या पहाटेच्या स्टार्टसकट. दुसरा चॅनेल अजून रिकामा आहे. कॅमचा सिग्नल घ्यायचाय, पण डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर हॉलचा, म्हणजे तो जंपरने या चिपला वळसा घालूनच जाईल.