आजीच्या कॅसेट्स डिजिटल करून घेतल्या, त्याचा अनुभव (४/५)

आधीच सांगते, चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली येईल, पण काम वाईट आहे असं अजिबात नाही.

आजी शाळेत संगीत शिकवायची, रिटायर झाल्यावर घरीच क्लास सुरू केला, आणि क्लासच्या वेळात आम्ही नातवंडांनीपण तिला बाईच म्हणायचं, आजी म्हटलं की ऐकूच जायचं नाही तिला. ती गेल्यावर कपाट आवरताना अकरा कॅसेट्स निघाल्या, सगळ्या ९० मिनिटांच्या, वर तिच्या बारीक अक्षरात 'भूप, नवीन बॅच', 'अलंकार, मोठी मुलं' वगैरे. घरात टेपच उरलेला नाही म्हणून ह्या लोकांना दिल्या.

चांगलं आधी. दोन कॅसेट्समधला फेल्टचा छोटा तुकडा पडला होता, तो जो पट्टीला हेडवर दाबून धरतो ना तो, तो नसला की आवाज दबका येतो. त्यांनी स्वतःहून बघून दुसरा बसवला. एका कॅसेटला स्क्रूच नव्हते, चिकटवलेली होती, ती फोडून पट्टी नव्या कव्हरात घातली आणि आधी फोन करून विचारलं, मग फोडली. ह्यासाठी खरंच मानलं. अकराच्या अकरा परत आल्या, प्रत्येक बाजूची वेगळी फाइल, नावं आजीच्याच लेबलवरून दिलेली.

आता भानगड. 'भूप, नवीन बॅच' लावली आणि आवाज आजीचाच पण कुणीतरी दुसरीच वाटत होती, बारीक, घाई झाल्यासारखी. दहा मिनिटं कळेना काय होतंय, मग पेटी काढली. आजीची पेटी काळी चार, म्हणजे सा चौथ्या काळ्या पट्टीवर, कायम, लहान पोरांना सापडावी म्हणून त्या पट्टीवर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता तो अजून आहे. ठिपका दाबला तर जुळेना, शेजारची पांढरी सहा दाबली तर बरोब्बर! म्हणजे अख्खा क्लास अर्धा स्वर वर चढलेला. वेगात साधारण ६ टक्के फरक पडला की एवढं होतं.

त्यांना कळवलं तर उत्तर आलं की आमचा डेक तपासलेला आहे, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, जो असायला हवा तोच. मी चिडले आणि जरा जास्तच बोलले, कारण त्यांचं बरोबर होतं, चढलेल्या तीनच, बाकीच्या आठ कॅसेट्स काळी चारलाच होत्या. मग डोक्यात प्रकाश पडला, आजीचा टेप सेलवर चालायचा आणि सेल अगदी संपेपर्यंत ती बदलायची नाही. सेल उतरले की रेकॉर्ड करताना पट्टी हळू सरकते, आणि तीच नीट वेगाने वाजवली की सूर चढतो. फाइल पुढे पुढे ऐकली तर शेवटी शेवटी अजूनच चढत गेलेली. मी पेटीची काळी चार फोनवर रेकॉर्ड करून पाठवली, त्यांनी त्यावरून तिन्ही कॅसेट्स तुकड्यातुकड्याने खाली आणल्या, जादा पैसे न घेता. हे कुणी करत नाही हो.

मग स्टार का कापला? न विचारता केलेल्या साफसफाईसाठी. सॉफ्टवेअर खरखर काढतं म्हणजे काय, जो आवाज एकसारखा चालू असतो तो नॉइज समजून सगळीकडून वजा करतं. तंबोरा एकसारखाच वाजतो, गेला बिचारा निम्मा. पेटीच्या भात्याचा श्वास गेला. हे मी कदाचित चालवून घेतलं असतं, पण त्यांनी मधल्या शांत जागापण कापल्या होत्या, 'रिकामा भाग' म्हणून.

त्याच भूपमध्ये एक मुलगी आरोहात म लावते. भूप रागात म आणि नी नसतातच, सा रे ग प ध एवढंच. त्यांच्या फाइलमध्ये ती म लावते आणि लगेच आजी म्हणते, "हा कुठून आला?" ऐकून मला वाटलं काय हे, आजी अशी वसकन कुणावर यायची नाही. मग हट्टाने न कापलेली फाइल मागवली. त्यात पेटी थांबते. मग काहीच नाही, मी मोजलं, चौदा सेकंद काहीच नाही, फक्त भाता. त्यात ती मुलगी स्वतःशीच पुटपुटते ग, प, ग, प, आणि हसते, आणि मग आजी विचारते, हसतच, "हा कुठून आला?" ते चौदा सेकंद म्हणजे आजी होती आणि ह्यांनी नेमके तेच कापले होते.

त्यामुळे कुणी देणार असाल तर आधीच लिहून द्या, कच्ची फाइल हवी, वॅव्हमध्ये, काहीही न कापता. एका कॅसेटला साडेनऊशे एमबीच्या आसपास जागा लागते, लागू दे. खरखर राहते. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, तोही राहतो. आजी सा लावायच्या दीड-दोन सेकंद आधी तोच सा अगदी पुसट ऐकू येतो. मी तो काढायला सांगितला नाही.

बारावी एक कॅसेट नंतर सापडली, पेटीच्या खोक्यात. वर लिहिलंय 'चुकली, यावर पुन्हा घेणे'. इतर सगळ्यांच्या मागच्या टॅब तिने तोडलेल्या, त्या तोडल्या की वर पुन्हा रेकॉर्ड होत नाही; हिच्या नाहीत. ह्याच लोकांकडे देतेय, काल पॅक करायच्या आधी पेचकसने दोन्ही टॅब तोडून टाकल्या.