कोंबडीच्या वाढत्या पिलांना आयोडीन: खडेमीठ, सुकट की मिनरल मिक्श्चर?

शिरोळ-हातकणंगल्याकडं मका घरचा, सोयाबीनची पेंड विकतची, असं खाद्य स्वतः कालवणाऱ्याला आयोडीनचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मीठ आयोडीनचंच टाकतोय की!"

आकडा मांडून बघूया. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात वाढत्या पिलांना किलोभर खाद्यामागं ०.३५ मिलिग्रॅम आयोडीन लागतं. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम असावं, असा आपल्याकडचा नियम आहे. किलोभर खाद्यात मीठ पडतं ३ ग्रॅम. म्हणजे आयोडीन मिळालं ०.०४५ मिलिग्रॅम, गरजेच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. सगळी भर मिठानंच काढायची तर किलोला २३ ग्रॅम मीठ लागेल. तेवढ्यात पिलं पाणी पिऊन पिऊन लिटरचा (खाली अंथरलेल्या भुशाचा) चिखल करतील, काही दगावतीलही. साधं खडेमीठ टाकत असाल तर तेवढंही आयोडीन नाही. मीठ हवंच, पण सोडियमसाठी.

सुकट हा दुसरा पर्याय. घाटाखालून येणाऱ्या समुद्री मासळीत आयोडीन चांगलं असतं, वर प्रथिनंही मिळतात. अडचण एवढीच की प्रमाण दर खेपेला वेगळं. मासळी खारवलेली निघाली तर मिठाचं गणितही कोलमडतं. शिवाय विक्रीच्या तोंडावर जास्त घातली तर मटणाला वास मारतो, आणि पांढऱ्या रश्शात तो लपत नाही. पूरक म्हणून ठीक, भरवसा ठेवू नका.

माझं मत कोंबड्यांच्या मिनरल मिक्श्चरला, म्हणजे खनिजांच्या तयार मिश्रणाला. जनावरांचं गोठ्यातलं मिक्श्चर नको. त्यातली मॅंगनीज-जस्ताची मापं वेगळी. पिशवीवर आयोडीन कुठल्या रूपात आहे ते वाचा. पोटॅशियम आयोडाइड स्वस्तातलं, पण दमट हवेत आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) संगतीत त्यातलं आयोडीन उडून जातं. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात पोतं महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर कॅल्शियम आयोडेटवालंच घ्या, ते टिकतं. टनाला एक किलो टाकायचं मिक्श्चर असेल तर त्या किलोत किमान ३५० मिलिग्रॅम आयोडीन दिसलं पाहिजे. सुटं आयोडेट आणून घरी मिसळायच्या भानगडीत पडू नका: टनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास लागतं, ते फावड्यानं सारखं पसरत नाही.

कंपनीचं तयार स्टार्टर-फिनिशर (लहान आणि मोठ्या पिलांचं खाद्य) घालत असाल तर वरून काही देऊ नका.

आयोडीन कमी पडलं की वाढ रेंगाळते, पिसं लांब आणि विरळ येतात. सुजलेली थायरॉईड ग्रंथी मात्र छातीच्या तोंडाशी आत असल्यानं बाहेरून दिसत नाही. खाद्यात मोहरीची पेंड असेल तर तिच्यातली द्रव्यं थायरॉईडच्या कामात आडवी येतात. अशा वेळी ०.३५ वर न थांबता पशुवैद्यकांना विचारून थोडं वाढवा, किंवा पेंडच बदला.