मंगळावरची छाटणी : आधी गणित की आधी गोष्ट?

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायची आहे आणि हातात महिनाभर वेळ आहे. आधी वहीत आकडे मांडायचे, की सरळ पहिलं वाक्य लिहायला घ्यायचं? नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर हा प्रश्न दर पावसाळ्यात निघतो. चार-पाच जण जमतो आणि एकमेकांच्या खर्ड्यांची पिसं काढतो. मी दोन्ही वाटांनी जाऊन, दोन्हीकडे ठेचकाळून आलोय, म्हणून हा हिशेब.

गोष्ट एकच होती. निफाडचा एक द्राक्ष बागायतदार मंगळावरच्या घुमटात बाग लावायला जातो, आई इकडे गावात. तिचे मी दोन खर्डे केले.

पहिल्यात आधी गणित. मंगळाचं वर्ष पृथ्वीवरच्या ६८७ दिवसांचं, दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. वजन भरणार इथल्या ३८ टक्के, ऊन निम्म्याहून कमी. मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार, जे २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले. सगळं चोख. आणि मग माझा अभियंता बागायतदाराला म्हणतो, "तुम्हाला ठाऊकच आहे, की मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंशांनी कललेला असल्यामुळे..." कट्ट्यावरच्या एक काकू म्हणाल्या, "ठाऊकच आहे तर सांगतोय कशाला मेला?" तो दीड पान सांगत होता. मेहनतीने शोधलेला आकडा फेकवत नाही, हा या वाटेवरचा खरा खड्डा. आहेर आलेली भांडी दिवाणखान्यात मांडून ठेवावीत तसं होतं.

दुसरा खर्डा एका बैठकीत उतरला. आई फोनवर विचारते, "जेवलास का रे?" तो म्हणतो, "हो गं, आत्ताच." मग बोलता बोलता जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं बिनसतं, आणि तिथेच कथेची गाठ. वाचताना एकाने चष्मा पुसला. मी खूश. तेवढ्यात ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका खाकरले. मंगळ सगळ्यात जवळ असताना संदेश पोचायला ३ मिनिटं लागतात, लांब असताना २२. म्हणजे तिच्या प्रश्नाला 'हो' यायला पाऊण तास. भांडणार कसे?

कथा आडवी झाली. वाक्यं नाही, कथाच.

माझ्या मते दोन्ही वाटांतला मोठा फरक इथे आहे. भाषा वाईट असेल तर दोन रात्री बसून सुधारता येते, पण विज्ञानातली चूक उशिरा सापडली तर ती गाठीच्या मुळाशी निघते आणि सगळं उसवावं लागतं. अर्थात उसवल्यावर मिळालं ते आधीपेक्षा बरं होतं. आता आई "जेवलास का रे?" विचारते आणि भाकरी थापायला उठते. उत्तर येतं तेव्हा ती चुलीपाशी राख भरत असते, आणि मुलाच्या आवाजात कशाबद्दल 'हो' आहे हे तिला क्षणभर आठवत नाही. हे मला शैलीच्या जोरावर सुचलं नसतं, त्या २२ मिनिटांनी सुचवलं.

हा वाद जुना आहे. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये कादंबरीत माणसं तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडली, तर एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पून टाकला. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ शोध लावतो, तो धातू दाखवा म्हणावं, अशी व्हर्नची कुरकुर होती. गंमत अशी, की व्हर्नची तोफ ९०० फुटी. तेवढ्या अंतरात सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब येतो, म्हणजे नळीतच चटणी. वेल्सने थाप एकदाच मारली, पण उघड मारली आणि पुढे तिच्याशी इमान राखलं. एक थाप वाचक पचवतो. अडचणीत सापडल्यावर लेखक दुसरी मारतो, तेव्हा वाचक पुस्तक मिटतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी पहिली कथा, 'कृष्णविवर', १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, म्हणजे नावाच्या वजनावर बक्षीस नको. बक्षीस मिळालंच. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. ती हळहळ कट्ट्यावर अजून आहे. आणि गाव तर कुसुमाग्रजांचं. त्यांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत'मध्ये मंगळ लाजून लाल होतो. शास्त्र म्हणतं, गंज. कवितेत लाजच खरी, पण विज्ञानकथेत तो गंज बागायतदाराच्या पायताणाला लागलेला दिसावा लागतो.

मग निवडायचं काय? कथेतून विज्ञान काढल्यावरही कथा उभी राहत असेल, तर बिनधास्त भाषेने सुरुवात करा आणि छापायला देण्याआधी जाणकाराला दाखवा. ओझरचे काका प्रत्येक गावात असतात, चहावर येतात. पण गाठच अंतर, वेळ, हवा, वजन यांवर बसली असेल, तर चार दिवस वहीला द्या. आकडे आले की वही मिटा आणि कथा तिच्याकडे न बघता लिहा. जे आठवेल तेवढंच कथेला लागतं. कवितेकडून आलेल्यांना हे जाचेल, त्यांनी माझं ऐकू नये.

माझ्या वहीत अकरा आकडे होते, शेवटच्या खर्ड्यात एकही उरला नाही. पर्क्लोरेट गेलं. आता अभियंता माती धुवून घ्यायला सांगतो, तेव्हा बागायतदार म्हणतो, "धुवायची? आमच्याकडे पाऊस माती धुवून नेतो म्हणून आम्ही रडतो." आणि ६८७ च्या जागी, दसऱ्याच्या सुमारास करतात त्या गोडी बहाराच्या छाटणीची कात्री हातात घेऊन तो वेलीसमोर उभा आहे : "इथल्या एका वर्षात दोन दसरे येतात. कोणता धरू?"